बलवान रुग्णाचा साथीचा ज्वर : गुरु की लघु?
इन्फ्लूएन्झा आणि व्याधितरूपीय विचार

साथीच्या ज्वराची चर्चा निघाली की वैद्यांच्या बैठकीत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे की, निरोगी तरुणास इन्फ्लूएन्झापासून भय नाही; लंघन, विश्रांती आणि उष्णोदक एवढ्यावर तो चार-पाच दिवसांत बरा होतो, बाकी सारी भीती वृत्तपत्रांनी पसरवलेली. दुसरे मत असे की, स्वाइन फ्लूने धडधाकट तरुण आठवड्याभरात दगावलेले आपण पाहिले आहेत, तेव्हा ज्वर आलेला प्रत्येक तरुण रुग्णालयात धाडणेच श्रेयस्कर. दोन्ही पक्ष अनुभवाचा आधार देतात आणि दोघांचाही अनुभव खरा असतो. मग निर्णय कशावर करावा? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार प्रथम उपलब्ध आकड्यांवरून, नंतर ग्रंथोक्त सिद्धान्तांवरून आणि शेवटी दैनंदिन चिकित्सेच्या दृष्टीने करणार आहोत.

आकडे काय सांगतात?

एच१एन१ इन्फ्लूएन्झाचा नवा विषाणू एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिकेत आढळला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचे घोषित केले. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदला गेला. त्यानंतरच्या दिवसांत नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा, बंद झालेल्या शाळा आणि तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर हे चित्र पुणेकर वैद्यांना वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक साथ संपल्याचे जाहीर झाले. परंतु तो विषाणू गेला नाही. तो आता दरवर्षीच्या हंगामी इन्फ्लूएन्झाचाच एक भाग झाला आहे.

या व्याधीचे गांभीर्य मोजताना एक गोम लक्षात घेतली पाहिजे. भारतात २०१५ साली प्रयोगशाळेत सिद्ध झालेले सुमारे ४२ हजार ५०० रुग्ण नोंदले गेले व त्यांपैकी सुमारे ३ हजार मृत्यू पावले. म्हणजे शंभरात सात. याउलट अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २००९ ते एप्रिल २०१० या वर्षासाठी जो अंदाज केला, त्यात बाधितांची संख्या सुमारे ६ कोटी आणि मृत्यू सुमारे साडेबारा हजार धरले आहेत. म्हणजे पाच हजारांत एक. एकाच व्याधीचे हे दोन आकडे परस्परांपासून इतके दूर का?

उत्तर सोपे आहे. पहिल्या आकड्यात छेद म्हणून केवळ तपासणी झालेले रुग्ण आहेत, आणि आपल्याकडे तपासणी प्रामुख्याने गंभीर रुग्णांचीच होते. दुसऱ्या आकड्यात घरीच बरे झालेले, वैद्याकडे न गेलेले सर्व बाधित अंदाजाने मिळवले आहेत. जो वैद्य अतिदक्षता विभागाशी निगडित आहे त्यास पहिले चित्र दिसते. जो गल्लीतील दवाखान्यात बसतो त्यास दुसरे. बैठकीतील वादाचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. आमच्या मते साथीत बाधित होणाऱ्या सर्वसाधारण तरुणाविषयी बोलताना दुसरा आकडा सत्याच्या अधिक जवळ आहे. बहुतांश तरुण बरे होतात, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. त्याच अमेरिकी अंदाजात मृत झालेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के व्यक्ती ६५ वर्षांखालील होत्या आणि जवळजवळ तीन चतुर्थांश १८ ते ६४ या वयोगटातील होत्या. एरवीच्या हंगामी इन्फ्लूएन्झात बहुसंख्य मृत्यू वृद्धांचे होतात. २००९ मध्ये हे प्रमाण उलटे झाले. शिवाय निरनिराळ्या देशांतील अहवाल एकत्र पाहता, रुग्णालयात दाखल झालेल्या वा मृत झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ते निम्म्या व्यक्तींना पूर्वीचा कोणताही ज्ञात व्याधी नव्हता. गर्भिणी स्त्रिया लोकसंख्येत शंभरात एक-दोन असतात. मृतांमध्ये मात्र त्यांचे प्रमाण सहा ते दहा टक्क्यांपर्यंत आढळले. अतिस्थौल्य हाही स्वतंत्र धोका असल्याचे याच साथीत प्रथम ठळकपणे पुढे आले.

तात्पर्य, प्रमाण अल्प असले तरी बाधितांची संख्या प्रचंड असते, आणि अल्प प्रमाणास प्रचंड संख्येने गुणले की मृत्यूंचा आकडा लहान राहत नाही. ‘धोका अल्प आहे’ हे विधान समाजाच्या बाबतीत खरे असूनही समोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते निदान होऊ शकत नाही.

तरुणच का?

हा प्रश्न नवा नाही. १९१८ सालच्या इन्फ्लूएन्झाच्या साथीची, जिला आपल्याकडे जुनी माणसे मानमोडी म्हणत, पहिली लाट जून महिन्यात मुंबईत आली आणि तुलनेने सौम्य ठरली. सप्टेंबरपासून आलेली दुसरी लाट मात्र भीषण होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. संपूर्ण हिंदुस्थानात किती माणसे गेली याविषयी अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. अन्नाची टंचाई होती. तथापि जगभर सर्वत्र आढळलेली विलक्षण गोष्ट ही की, २० ते ४० या वयोगटात मृत्यूंचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढले. ज्यांच्या जिवावर घर चालते तेच गेले.

त्या साथीतील बहुसंख्य मृत्यू विषाणूने फुप्फुसाची हानी केल्यानंतर मागाहून झालेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियामुळे झाले, असे पुढील संशोधनातून दिसून आले. त्या काळी प्रतिजैविके उपलब्ध नव्हती. २००९ मध्ये वृद्ध तुलनेने वाचले, त्याचे कारण असे मानले जाते की, १९१८ पासून १९५७ पर्यंत एच१एन१ जातीचेच विषाणू प्रचारात होते. त्या काळात बाल्य व तारुण्य घालवलेल्या अनेकांच्या शरीरात नव्या विषाणूस ओळखणारी प्रतिपिंडे शिल्लक होती. अमेरिकेतील तपासणीत साठीवरील सुमारे एक तृतीयांश व्यक्तींत ती सापडली. तरुणांत व बालकांत क्वचितच. म्हणजे तरुणाचे शरीर सशक्त होते, परंतु त्या विशिष्ट शत्रूस अपरिचित होते.

२०२० च्या कोविड साथीत नेमके याच्या विरुद्ध घडले; तेथे वयागणिक धोका सतत वाढत जातो असे दिसले. यावरून एक बोध घ्यावा. ‘तरुणांना विषाणूचा धोका किती’ या प्रश्नास सर्व साथींना लागू पडणारे एकच उत्तर नाही. प्रत्येक साथीत ते नव्याने पाहावे लागते.

ग्रंथोक्त विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात अग्निवेशाने आत्रेयांना विचारलेली शंका आपल्या विषयास अगदी लागू पडते. ज्यांची प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही सर्व भिन्न आहेत, अशा माणसांचा एकाच वेळी एकाच व्याधीने विनाश कसा होतो, अशी ती शंका आहे. आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा की, प्रकृत्यादी भाव भिन्न असले तरी वायू, जल, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान आहेत. ते विकृत झाले म्हणजे व्यक्तिभेद मागे पडतो. म्हणजे साथीच्या व्याधीत रुग्णाचे वैयक्तिक बल हा एकमेव निर्णायक घटक मानता येत नाही, हे शास्त्रानेच सांगितले आहे.

बल तीन प्रकारचे : सहज, कालज आणि युक्तिकृत. तारुण्य हे कालज बलाचे एक अंग होय. ऋतू हे दुसरे. तरुणाचे वयोनिमित्त बल उत्तम असले तरी वर्षा ऋतूत शरीरबल हीन असते. महाराष्ट्रात इन्फ्लूएन्झाचा जोर जुलै ते सप्टेंबर या काळात वाढतो, आणि पुण्यातील २००९ चा उद्रेकही ऐन पावसाळ्यातीलच होता. तेव्हा वय पाहून ‘बलवान’ असा शेरा मारताना ऋतूकडे डोळेझाक होऊ नये. त्याचप्रमाणे व्याधी सहन न करू शकणाऱ्या शरीरांच्या गणनेत चरकाचार्यांनी अतिकृशाबरोबर अतिस्थूलाचाही समावेश केला आहे. पंचविशीतील स्थूल तरुणास आपण लौकिक अर्थाने निरोगी म्हणतो. शास्त्रदृष्ट्या तो व्याधिसह नाही.

तथापि आमच्या मते या विषयातील सर्वांत मोलाचा उपदेश विमानस्थानातील सातव्या, व्याधितरूपीय अध्यायात आहे. तेथे दोन प्रकारचे रुग्ण वर्णिले आहेत. एक गुरुव्याधित : त्याचा व्याधी गंभीर असतो, परंतु सत्त्व, बल व शरीर यांच्या संपन्नतेमुळे तो लघुव्याधितासारखा दिसतो. दुसरा लघुव्याधित : त्याचा व्याधी सामान्य असतो, परंतु सत्त्वादींच्या हीनतेमुळे तो गुरुव्याधितासारखा भासतो. केवळ डोळ्यांनी रूप पाहून निर्णय करणारा वैद्य या दोहोंत फसतो आणि चिकित्सेतही चुकतो, असा तेथील इशारा आहे.

सुदृढ तरुणाच्या साथीच्या ज्वराचे मर्म या विचारात आहे. बल रुग्णाचे रक्षण करते हे खरे; पण तेच बल व्याधीचे रूप झाकूनही टाकते. फुप्फुसाची हानी होत असताना तरुण हृदय अधिक वेगाने चालते, श्वास थोडा जलद होतो, आणि रुग्ण हसत-बोलत राहतो. हा राखीव साठा संपला की अधोगती तासांच्या हिशेबाने होते. २००९ च्या गंभीर रुग्णांत ही अधोगती बहुधा लक्षणारंभापासून चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू झाली आणि अनेकांना एका दिवसात अतिदक्षता विभागात न्यावे लागले, असे नमूद आहे.

दृष्टान्तादाखल दोन रुग्ण

समजा, एकाच दिवशी दोन अठ्ठावीस वर्षांचे तरुण आपल्याकडे आले. पहिला ज्वराच्या दुसऱ्या दिवशी आईचा हात धरून येतो. ताप १०३ अंश, डोके धरलेले, अंग मोडून आलेले, सारखा कण्हतो. परंतु श्वासगती मिनिटास १८, प्राणवायूचे प्रमाण ९८ टक्के, शुद्ध स्वच्छ, पेया घेतो, मूत्रप्रवृत्ती प्राकृत. दुसरा पाचव्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत येतो. सकाळी गोळी घेतल्याने ताप १०० अंश. ‘डॉक्टर, खोकला तेवढा राहिलाय,’ असे सांगतो. परंतु श्वासगती २८, प्राणवायू ९१ टक्के, आणि एक वाक्य पुरे करताना मध्ये दम घ्यावा लागतो.

पहिला लघुव्याधित आहे. त्यास धीर, घरी विश्रांती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी पुरेशी. दुसरा गुरुव्याधित आहे. त्यास औषध देऊन ‘परवा या’ असे सांगणे म्हणजे हाती असलेला वेळ गमावणे होय. केवळ चेहरा पाहून निर्णय केला तर दोघांविषयीही तो उलटा होईल.

परीक्षणाचा क्रम

इन्फ्लूएन्झाचे सामान्य रूप वातश्लेष्मिक ज्वराशी बरेच जुळते : अंग जड व ओलसर वस्त्राने गुंडाळल्यासारखे वाटणे, पर्वभेद, शिरोग्रह, प्रतिश्याय, कास. परंतु साथीच्या काळात निदानापेक्षा गांभीर्याची श्रेणी ठरवणे अधिक निकडीचे असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९ साली ठरवलेली आणि पुढील साथींतही वापरली गेलेली वर्गवारी प्रत्येक वैद्याने मुखोद्गत करावी.

‘अ’ वर्ग : सौम्य ज्वर, खोकला, घसा दुखणे, अंगदुखी. तपासणी वा विषाणुरोधक औषध नको. घरी विलगीकरण आणि २४ ते ४८ तासांनी पुनर्परीक्षण.

‘ब’ वर्ग : वरील लक्षणांसह तीव्र ज्वर व तीव्र घसादुखी, किंवा सौम्य लक्षणे असूनही रुग्ण जोखमीच्या गटातील, म्हणजे गर्भिणी, पाच वर्षांखालील बालक, ६५ वर्षांवरील वृद्ध, अथवा मधुमेह, हृदय, फुप्फुस, यकृत, वृक्क यांचे विकार असलेला. येथे ऑसेल्टामिविर या औषधाचा विचार होतो.

‘क’ वर्ग : श्वासकष्ट, छातीत वेदना, तंद्रा वा ग्लानी, रक्तदाब उतरणे, कफात रक्त, नखे निळसर होणे. त्वरित रुग्णालय, तपासणीच्या अहवालाची वाट पाहू नये.

यास जोडून तरुण रुग्णांकरिता आम्ही पुढील पाच गोष्टींचा आग्रह धरतो.

१. श्वासगती पूर्ण एक मिनिट मोजावी. प्रौढाची प्राकृत गती १२ ते २० असते. ती २४ च्या वर गेल्यास रुग्ण कितीही ठीक दिसो, सावध व्हावे. या परीक्षणास घड्याळाखेरीज काही लागत नाही, आणि तरीही गर्दीच्या वेळी हेच राहून जाते.

२. बोटावर लावण्याचे प्राणवायूमापक यंत्र जवळ ठेवावे. विश्रांतीत प्रमाण ९४ टक्क्यांखाली आल्यास रुग्णास पुढे पाठवावे.

३. लक्षणारंभाचा दिवस नोंदवावा व चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्णाची चौकशी स्वतःहून करावी. बलवान रुग्ण स्वतः होऊन क्वचितच परत येतो.

४. ज्वर उतरून एक-दोन दिवस बरे वाटल्यावर तो पुन्हा चढला व खोकला वाढला, तर जिवाणूजन्य न्यूमोनियाची शंका घ्यावी.

५. विवाहित तरुणीस गर्भाची शक्यता विचारल्याखेरीज ‘निरोगी तरुण’ या गटात धरू नये.

चिकित्सेविषयी

‘अ’ वर्गातील रुग्णांत आपल्या शास्त्रास भरपूर अवकाश आहे. तरुण ज्वरात बलानुसार लंघन, दीपन-पाचन, उष्णोदक, मुस्ता-पर्पटकादी षडंगपानीय, क्रमाने पेया व यूष आणि पूर्ण विश्रांती, या उपक्रमाने रुग्णास स्वास्थ्य लाभते व जलक्षय टळतो. लंघन करताना बलाचे रक्षण करावयाचे, हा नियम विसरू नये.

परंतु येथे स्पष्ट बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते. आपल्या कोणत्याही कल्पाने फुप्फुसात उतरलेला इन्फ्लूएन्झा थांबतो असे सिद्ध झालेले नाही. ऑसेल्टामिविरचा लाभ लक्षणारंभापासून ४८ तासांच्या आत सर्वाधिक असतो. गंभीर रुग्णांत व गर्भिणींत त्यानंतरही ते दिले जाते. तेव्हा ‘प्रथम आपले औषध आठवडाभर देऊन पाहू’ हे धोरण जोखमीच्या रुग्णात समर्थनीय नाही. वत्सनाभयुक्त ज्वरघ्न कल्प असोत वा पॅरासिटामॉलची गोळी, ज्वरवेग उतरला म्हणजे व्याधी उतरला असे समजू नये. त्या उताराने गुरुव्याधित अधिकच लघु भासू लागतो.

ज्वरमुक्तीनंतरही तरुण रुग्णावर लक्ष हवे. बल परत येईपर्यंत ज्वरमुक्ताने व्यायाम, श्रम, व्यवाय यांपासून दूर राहावे, हा चरकाचार्यांचा नियम आजच्या व्यायामशाळेत जाणाऱ्या पिढीस आवर्जून सांगावा. इन्फ्लूएन्झात क्वचित हृत्पेशींचा शोथही होतो. अशा वेळी अकाली श्रम प्राणघातक ठरू शकतात. तसेच रुग्ण लक्षणारंभाच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस व्याधी पसरवू शकतो. ज्यास स्वतःचे भय नाही, त्यास घरातील आजी-आजोबांची वा गर्भिणी वहिनीची आठवण करून द्यावी. इन्फ्लूएन्झाची लस उपलब्ध आहे; जोखमीच्या गटातील व्यक्तींना आणि रुग्णसंपर्कात राहणाऱ्या आपणा सर्वांना ती दरवर्षी घेणे हितकर आहे.

निष्कर्ष

निरोगी तरुणास इन्फ्लूएन्झाचा धोका अल्प आहे, हे सत्य आहे. तो शून्य नाही आणि ज्यास तो घडतो त्याची ओळख आधी पटत नाही, हेही तितकेच सत्य आहे. म्हणून सर्वांना रुग्णालयात धाडणे अनावश्यक, आणि सर्वांना धीर देऊन घरी धाडणे अनुचित. या दोहोंमधला मार्ग परीक्षणाचा आहे. बैठकीत पुन्हा हा वाद निघाला तर वैद्यबंधू-भगिनींनी एकच प्रश्न विचारावा : ‘आपण रुग्णाचा श्वास मोजला का?’ व्याधीच्या गांभीर्याचा निर्णय रुग्णाच्या वयावरून किंवा त्याच्या हसण्यावरून करू नये. गुरु कोण आणि लघु कोण, हे ओळखण्याची जबाबदारी आचार्यांनी वैद्यावर टाकली आहे, आणि तरुण रुग्णाच्या बाबतीत तिच्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो.